मला कुणी सरकवलं नाही

मी बांधावरचा दगड बोलतोय. हसू नका. माझ्यापायी दोन घरं सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली, पंच बसले, मोजणी झाली, शिव्याशाप झाले. पण मला कुणी विचारलं नाही की बाबा रे, खरं काय घडलं? न विचारता सांगू नये म्हणतात. पण आता गप्प राहवत नाही.

खानापूर तालुक्यात डोंगर जिथं चढायला लागतो तिथं आमची वाडी आहे. नाव सांगत नाही. वाडीतल्या पोरांची लग्नं व्हायचीत अजून, आणि सरकणाऱ्या डोंगराखाली लेक कोण देणार?

मला ओढ्यातनं उचलून आणलं मारुतीरावाच्या आज्यानं. कंबरभर उंच, काळा, एका अंगानं जरा चपटा असा मी. वरचं शेत भरमूच्या घराण्याचं, खालचं मारुतीरावाच्या घराण्याचं आणि मधे मी. मला रोवायच्या आधी खड्ड्यात टोपलीभर कोळसा ओतला होता. आमच्याकडं हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायची रीत आहे. लाकूड कुजतं, हाड झिजतं, पण कोळसा शंभर वर्षांनी उकरला तरी काळाच्या काळा निघतो. दगड कुणी हलवलाच तर खालचा कोळसा साक्ष देतो. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली, गूळ वाटला आणि आपापल्या कामाला लागले.

तेव्हाचा पाऊस मला चांगला ठाऊक आहे. मृगाला सुरुवात व्हायची, मग तरणा, म्हातारा, आसळका, सासूचा, सुनेचा, असा एकेका नक्षत्राचा पाऊस आपापल्या पाळीनं यायचा. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. पण पडायचा हळू आणि जिरायचाही हळू. डोंगर बेतानं प्यायचा आणि प्यालेलं पाणी होळीपर्यंत झऱ्यातनं परत द्यायचा. त्या सगळ्या वर्षांत मी अंगठाभरही हललो नसेन.

मग पाऊसमान बिघडलं. कधी बिघडलं ते तारीखवार सांगता येत नाही, दगडाला कसली तारीख. उन्हाळा लांबला. माझ्या पायाशी जमीन अशी भेगाळायला लागली की मारुतीरावाची बायको मालुबाई वाकून हात घालायची तर कोपरापर्यंत आत जायचा. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, तरण्यात नुसता वारा. आणि मग एखाद्या दुपारी महिन्याचा पाऊस एकदम ओतायचा. ते पाणी जिरत नाही हो. ते भेगांतनं सरळ खाली उतरतं, माती संपून कातळ लागतो तिथं. तिथं चिकणमातीचा एक थर आहे, तो भिजला की साबणासारखा होतो. याला हवामान बदललं म्हणतात, असं बांधावरनं जाणारी-येणारी माणसं बोलायची. मला एवढंच कळत होतं की माझ्याखाली काहीतरी ओलं, गुळगुळीत जागं झालंय.

दोन हजार एकोणीस साली सगळा मुलूख पुरात बुडाला, त्या साली मी पहिल्यांदा सरकलो. हात-दीडहात. आणि खरं सांगतो, मला ते कळलंच नाही. माझ्याबरोबर माती सरकली, मातीतला कोळसा सरकला, बाजूचं काजूचं झाड सरकलं, वर भरमूचं घर सरकलं. सगळंच एकदम सरकलं तर सरकलं कोण हे कुणाला कळणार?

कळलं ते मारुतीरावाला. खाली ओढ्याकाठी एक भलाथोरला कातळ आहे, तो डोंगराच्या हाडाचा, कधी हलत नाही. त्या कातळापासून माझ्यापर्यंत त्याच्या बापानं चाळीस पावलं मोजून ठेवली होती. दर वर्षी रोपलावण झाली की मारुतीराव ती मोजायचा. त्या साली एकोणचाळीस भरली. त्यानं पुन्हा मोजली, पुन्हा एकोणचाळीस. म्हातारपणी पाऊल आखूड होतं, म्हणजे आकडा वाढायला पाहिजे. इथं तर घटला. त्यानं वर भरमूच्या घराकडं बघितलं आणि मनाशी ठरवून टाकलं. झालं, तिथनं पुढं सहा वर्षं तो दुसरं काही ठरवायला तयार नव्हता.

तिकडं भरमूचं वेगळंच. त्याच्या घराचं दार लागेना. रंधा मारून त्यानं ते बसवलं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लागेना. भिंतीला भेग पडली, लिंपली, पुन्हा पडली. कुणी हात न लावता भांडी फळीवरनं एकाच बाजूला सरकायला लागली. त्याची बायको बाळाबाई ताटली पुसून ठेवायची, सकाळी ती फळीच्या कडेला आलेली. एकदा त्याला दारात लिंबू सापडलं. म्हणजे काय, मारुतीआप्पानं करणी केली.

आता बघा, एकाला वाटतंय शेजारी दगड चोरतो, दुसऱ्याला वाटतंय शेजारी करणी करतो. दोघांनी एकदा बसून चहा प्याला असता आणि पावलांची गोष्ट दाराच्या गोष्टीला लावली असती, तर एका दमात उलगडा झाला असता. पण दोघंही जातीचे हट्टी. दगड मी आहे म्हणतात, पण मी बघितलेत खरे दगड.

गेल्या साली पावलं सदतीसवर आली आणि मारुतीरावानं सरकारी मोजणी मागवली. सर्व्हेअर आला, चिकोडीकडचा, मराठी तोडकंमोडकं बोलणारा. त्यानं यंत्र लावलं, नकाशा उलगडला आणि म्हणाला, "दगड साडेसात फूट खाली आलाय."

"बघा," मारुतीराव म्हणाला. सगळी वाडी जमली होती. "बघा रं सगळ्यांनी. भरम्या, सांग आता."

भरमू पुढं आला आणि त्यानं माझ्यावर हात ठेवला. "माझा हात लागला असंल तर हे माझं घर भुईला मिळू दे," तो म्हणाला. त्याची सून पूर्णिमा तान्हं पोर कडेवर घेऊन दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पोराला पदराखाली घेतलं.

तेव्हा मालुबाई म्हणाली, "अवो, कोळसा उकरून बघा की. भांडताय कशापायी?"

उकरलं. मला बाजूला आडवा केला आणि खाली खणलं तर कोळसा बरोबर माझ्या बुडाखाली. टोपलीभर, ओतला तसा. म्हणजे मला कुणी हलवलं नव्हतं. सर्व्हेअर खाली वाकून बघत राहिला. मग हसून कानडीत म्हणाला, "कल्ल नडदैत्रि." दगडच चालत आलाय म्हणाला.

लोक हसले. पण हसू लांबलं नाही. मी आडवा पडलो होतो आणि सगळे त्या खड्ड्याकडं बघत होते. भर दुपारी ऊन होतं, तरी खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरत होतं आणि ते पाणी खालच्या अंगाला कलत होतं. मालुबाईनं ते बघितलं. तिनं मान वर करून भरमूच्या घराकडं बघितलं, पुन्हा पाण्याकडं. ती काहीतरी बोलणार होती.

"कोळसा बी ह्यानंच हलवला असंल," मारुतीराव म्हणाला, आणि तो विषय तिथंच मिटला.

नकाशाप्रमाणं मला साडेसात फूट वर नेऊन रोवलं. कोळसा खालीच राहिला, खड्डा उघडाच राहिला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा खोट्या जागी उभा होतो.

पंधरा दिवसांनी मारुतीरावानं टेप लावली तर मी पुन्हा वीतभर खाली. तो काय बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. मालुबाईनं मात्र वेगळंच केलं. घरातला विहिरीचा नायलॉनचा दोर आणला, एक टोक कातळाला आवळलं, दुसरं माझ्या गळ्याला, असा ताणून की बोट मारलं तर वाजावा. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. बारा वाजता ती वैरण घेऊन आली तर दोर मधोमध लोंबत होता. कुणी नव्हतं. वारा नव्हता. ती भारा डोक्यावर तसाच घेऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत तो दोर आणखी बोटभर खाली आला.

"दोर सैलावतोय उन्हानं," मारुतीराव म्हणाला.

"मग तुमी बसा की राखणीला," ती म्हणाली. "दीसभर बसा. भरमाण्णा आला तर धरा त्याला."

बसला की बाबा. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं दोर ताणून बांधला, गाठ दोनदा तपासली, घोंगडं अंथरलं आणि मला पाठ लावून बसला. निपाणीची तंबाखू चोळत, वरच्या घरावर डोळा ठेवून. दहा वाजले, बारा वाजले. भरमू घराबाहेर पडला तो सरळ पलीकडच्या माळावर गेला, इकडं फिरकलाही नाही. कावळा नाही, चिमणी नाही. माझ्यावर पूर्वी खंड्या बसायचा, तोही त्या महिन्यात आला नव्हता. मुंग्यांची एक लांबच लांब रांग अंडी तोंडात धरून मारुतीरावाच्या पायावरनं आडवी, पलीकडच्या माळाकडं चालली होती. त्यानं ती झटकली.

तीन वाजायच्या सुमारास त्यानं तंबाखू चोळायची थांबवली. पाठीतनं त्याला ते लागलं असावं. आत, लई खोल, कुणीतरी जातं ओढत होतं. एक घास दळला जायचा आणि थांबायचं, पुन्हा एक घास. त्यानं हळूच मान वळवून माझ्यावर कान ठेवला. मग त्याची नजर दोराकडं गेली. सकाळी वाजत होता तो दोर आता गवताला टेकला होता. त्याच्याशिवाय तिथं कुणी आलं नव्हतं. तो मला टेकून बसला होता आणि आम्ही दोघं बरोबरच खाली चाललो होतो.

मालुबाई चहा घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिनं तांब्या खाली ठेवला.

"कोण आलतं?"

"कोन न्हाय."

ती त्याच्याशेजारी बसली. तिनं गवतातला दोर उचलून बघितला. "म्हंजे समदा डोंगरच," ती म्हणाली. "अवो, वर लेकरू हाय तान्हं. भरमाण्णाला सांगून या. आत्ता जावा."

"सांगतो."

"आत्ता."

"काय म्हणून सांगू गं?" तो एकदम चिडून बोलला. "साऱ्या वाडीसमोर चोर म्हटलंय मी त्येला. उद्या सांगतो. जरा नीट शब्द जुळवून सांगतो."

त्याला लाज वाटत होती. पण लाजेला किती दिवस द्यायचे याचं काही गणित असतं का? पहिल्या दिवशी तो माझ्यापर्यंत आला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी भरमू समोर दिसला, पण तो तोंड फिरवून थुंकला, आणि मारुतीराव परत गेला. तिसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ उभा राहून पुटपुटत होता, "भरमू, माझं चुकलं." चौथ्या दिवशीही तेच म्हणाला. दोन्ही वेळा मलाच म्हणाला.

पाचव्या दिवशी आसळक्याचा पाऊस आला. सकाळी सुरू झाला तो पाऊस नव्हता, वरनं कुणी हंडे उपडे करावेत तसं चाललं होतं. दुपारी एक वाजता कातळाखालचा झरा बंद पडला. ऐन पावसात, धो धो पाण्यात, झरा बंद. घटकाभरानं तो पुन्हा सुटला तो लाल होऊन. मालुबाई ओढ्यापलीकडच्या आपल्या घरातनं ते बघत असावी. कारण थोड्याच वेळात प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन ती एकटीच चढावर आली. मारुतीरावाला सांगून आली की न सांगता, मला ठाऊक नाही. माझ्याजवळ दम खायला थांबली, माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढला. मी हलत होतो.

तिची हाक पावसातनंही ऐकू आली. "बाळाबाई! भरमाण्णा! भायेर पडा, डोंगर यायला लागलाय!"

भरमू दारात आला. "कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. चार दीस झालं ह्यांना ठावं हाय. लाज वाटली म्हणून आलं न्हाईत. मी आली. आता भांडत बसू नगासा."

भरमूनं फक्त एकदा तिच्याकडं बघितलं. मग आत वळला. पूर्णिमा पोर छातीशी धरून बाहेर पडली, तिच्यामागं बाळाबाई आणि भरमू. मालुबाई त्यांना खाली नाही, आडवं जायला सांगत होती, मुरमाच्या माळाकडं. शहाणी बाई. खाली पळाले असते तर माझ्याबरोबरच आले असते. ती तिघं माळाच्या कडेला पोचली आणि भरमू मागं वळला.

"म्हस बांधलेली हाय."

"तुमी बाळंतिणीला धरा, पाय घसरतोय तिचा," मालुबाई म्हणाली. "म्हशीला मी सोडती. रेडकू असताना माझ्याच गोठ्यातनं दिलीय तुमास्नी, मला वळखती ती."

"आक्का, ऱ्हाऊ दे," बाळाबाई ओरडली.

आमच्याकडच्या माणसांना घर सोडून जाता येतं, बांधलेलं जनावर सोडून जाता येत नाही. मालुबाई गोठ्यात शिरली. म्हस बाहेर आली, दाव्याचा तुकडा गळ्यात घेऊन, माळाकडं धावली.

नंतरचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. आधी आवाजच नव्हता. माझ्या बाजूचं काजूचं झाड उभ्याचं उभं माझ्या पुढं निघून गेलं. मग मी निघालो. माझ्या वर भरमूचं घर होतं, ते दारासकट, त्या दर साली तासलेल्या दारासकट, एकदाच वाकलं. मग आवाज आला. मला वाटलं, आता मी फुटणार. फुटलो नाही. थांबलो तेव्हा ओढ्याकाठच्या कातळाजवळ होतो, चिखलात कलता उभा. सत्तर वर्षांत आलो नव्हतो तेवढा एका दमात आलो होतो.

मालुबाई दुसऱ्या दिवशी सापडली. माझ्यापासून चार हातांवर. मुठीत दाव्याचा दुसरा तुकडा होता.

दहाव्याला ओढ्याकाठी, मी होतो तिथंच, सगळे जमले. पिंड ठेवला, भाताचा. माणसं बाजूला झाली आणि वाट बघत राहिली. कावळा येईना. त्या जागेवर पाखरू उतरतच नव्हतं. मग गर्दीत कुजबुज सुरू झाली. रवळू नावाचा एक म्हातारा जरा मोठ्यानंच म्हणाला, "दगडावर हात ठेवून शपथ घेतलती न्हवं? घर भुईला मिळू दे म्हणला, मिळालं. चोरी केली हुती म्हणूनच मिळालं. आणि जीव गेला दुसऱ्याच्या बायकोचा."

भरमू मान खाली घालून उभा होता. पूर्णिमा पोराला घेऊन गर्दीच्या मागं सरकली. मला वाटलं, हे असंच राहणार. लोक शंभर वर्षं हेच सांगणार की एकानं दगड चोरला आणि देवानं घर पाडलं.

मारुतीराव पिंडापाशी बसला होता. तो उठला. भिजल्या धोतरानं चिखलातनं चालत माझ्यापर्यंत आला आणि माझ्यावर हात ठेवला. "मी दीसभर ह्येच्याला टेकून बसलोतो," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "कोन आलं न्हाय. दगड माझ्यासंगट सरकला. भरमू चोर न्हाय. मला ठावं हुतं. चार दीस आधी ठावं हुतं. मी बोललो न्हाय, म्हणून ती गेली."

भरमू पुढं आला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला, बस एवढंच. कावळा शेवटपर्यंत आला नाही. भात गाईला घातला.

आता मी ओढ्याकाठी कलता उभा आहे. वरच्या डोंगराला अर्ध्यातनं एक नवी भेग पडलीय, ती कुणी अजून बघितलेली नाही, कारण तिकडं कुणी जात नाही. भेग आणि वाडीतली शाळा यांच्या मधे दुसरं काही नाही. कातळाला टेकलोय तरी आतलं जातं मला अजून ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, हात नाहीत तरी जोडतो. तुमच्या बांधावरचा दगड सरकला, दार लागेनासं झालं, झरा गढूळ झाला, तर शेजाऱ्याला चोर म्हणा, करणीवाला म्हणा, वाट्टेल ते म्हणा, पण त्याच दिवशी म्हणा. आणि चुकला असाल तर तेही त्याच दिवशी सांगा. शब्द जुळवत बसू नका. माझ्यासमोर एक म्हातारा रोज येऊन बसतो. त्याचे शब्द आता अगदी नीट जुळलेत, आणि ते ऐकायला मालुबाई नाही.